सहा आकडे, चोवीस कळा

रीसेटची कळ सोडली की सहा लाल आकड्यांच्या पट्टीवर एक आडवी रेघ उमटते आणि तिच्यामागे चार आकडे: ८० ८५. इंटेलच्या एसडीके-८५ या बोर्डाचं हे पहिलं वाक्य. आपण कोण ते सांगायचं आणि समोरच्याच्या बोलण्याची वाट बघायची, एवढंच त्यात आहे. १९७६ साली ८०८५ हा प्रोसेसर आला आणि त्याच्या पाठोपाठ हा बोर्ड. तेव्हापासून आजवर प्रोसेसर विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कंपनीने असे बोर्ड काढले. पण इतक्या थोड्या सामानात इतकं उघडं, इतकं विचारपूर्वक रचलेलं काही माझ्या पाहण्यात नाही. एखादी कविता ओळीओळीने वाचावी तसा हा बोर्ड चिपचिपीने वाचता येतो, आणि तसाच तो वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं.

असा बोर्ड मुळात कारखान्यातल्या इंजिनिअरसाठी असतो. त्याला आपल्या वजनकाट्यात, मोटारीच्या नियंत्रणात किंवा छापखान्याच्या यंत्रात नवा प्रोसेसर बसवायचा असतो. हजारो नग मागवण्याआधी तो टेबलावर चालवून, चाचपून पाहता यावा म्हणून कंपनी हा तयार संच देते. याला इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणतात. एसडीके-८५ तर सुट्या भागांच्या पेटीत यायचा. सोल्डरिंग घेणाऱ्यानेच करायचं. आपल्याकडे मात्र हा प्रकार कारखान्यापेक्षा कॉलेजात जास्त वाढला आणि त्याला ‘किट’ हे सुटसुटीत नाव मिळालं. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४चं, शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३चं, अमरावती विद्यापीठही १९८३चंच. वऱ्हाडात इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण पसरलं ते नेमकं ८०८५च्या भराच्या काळात. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगावहून अकोल्या-अमरावतीला शिकायला गेलेल्या पोरांच्या कितीतरी बॅचेसनी मशीन म्हणजे काय हे पहिल्यांदा या किटवर पाहिलं. मीही त्यांतलाच. अकोटात माझ्या टेबलावर आजही एक जुनं किट आहे, एका लॅबच्या भंगारातून सोडवून आणलेलं. ते चालतं.

पहिलं वाचायचं ते प्रोसेसरच्या पायांकडे पाहून. ८०८५ला चाळीस पिना. पत्ता सांगायला सोळा रेषा हव्यात, माहितीची ने-आण करायला आठ. चोवीस इथेच संपल्या. उरलेल्यांत वीज, क्रिस्टल, इंटरप्ट, नियंत्रणाचे इशारे हे सगळं बसवायचं होतं, आणि ते बसेना. म्हणून १२ ते १९ या आठ पिनांवर दुहेरी काम आलं. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला त्या पत्त्याचा खालचा अर्धा भाग सांगतात, आणि क्षणभराने त्याच पिनांवरून माहिती वाहू लागते. मग ऐकणाऱ्याला कसं कळावं की आता पत्ता चालू आहे की माहिती? त्यासाठी ३० क्रमांकाची पिन आहे, एएलई. ती उंचावते आणि खाली येते. तिच्या खाली येण्याच्या क्षणी आठ पिनांवर जे असेल ते पकडून ठेवायचं.

पकडून ठेवायचं कोणी? इथे साथीदार चिपा येतात, आणि माझ्या मते या बोर्डाचं खरं सौंदर्य त्यांच्यात आहे. इंटेलने ८०८५बरोबर ८१५५ आणि ८३५५ या दोन चिपा काढल्या. दोघींच्या पोटात पत्ता पकडणारा लॅच आधीच आहे. एएलई थेट त्यांच्याकडे जाते. मध्ये तिसरं कोणी नको. ८३५५मध्ये २ किलोबाइट रॉम आणि आठ-आठ रेषांची दोन पोर्टं. ८१५५मध्ये २५६ बाइटची रॅम, बावीस रेषांची तीन पोर्टं आणि चौदा बिटांचा टायमर. म्हणजे तीन चिपांत अख्खा संगणक उभा: विचार करणारा एक, पाठांतर असलेली एक, टिपण ठेवणारी एक. याच्या आधीचा १९७४चा ८०८० आठवला तर हे केवढं आटोपशीर आहे ते कळतं. त्याला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत, ठोके द्यायला ८२२४ आणि बस सांभाळायला ८२२८ शेजारी बसवावी लागे. ८०८५ने त्या दोघींचं काम स्वतःकडे घेतलं, पाच व्होल्टवर भागवलं आणि जे बाहेर ठेवायचं ते अशा चिपांकडे दिलं ज्यांना त्याची भाषा जन्मतःच येत होती.

माझ्या टेबलावरचं किट भारतात बनलेलं आहे, आणि त्यात या मूळ रचनेचा एक पाठभेद दिसतो. आपल्याकडच्या बहुतेक किटांत ८१५५-८३५५ची जोडी मुख्य जागी नसते. त्याऐवजी कोणत्याही प्रोसेसरला चालणारी साधी ईप्रॉम आणि साधी रॅम असते. या मेमरींना एएलई कळत नाही. म्हणून पत्ता पकडायला ७४एलएस३७३ ही वीस पिनांची वेगळी आयसी मध्ये बसवावी लागते. काटकसरीच्या दृष्टीने पाहिलं तर रचना लांबली, एक चिप वाढली. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा पाठभेद मला मुळाहून सरस वाटतो. मूळ बोर्डात जे चिपच्या पोटात लपलं होतं ते इथे बाहेर आलं. ८०८५च्या ३० नंबरच्या पिनेपासून ३७३च्या ११ नंबरच्या पिनेपर्यंत मल्टिमीटरची दोन टोकं टेकवा, बीप ऐकू येतो. पुस्तकातली ‘डीमल्टिप्लेक्सिंग’ची आकृती त्या बीपमध्ये आहे. ईप्रॉमच्या पाठीवर कंपनीचं स्टिकर असतं. ते कोपऱ्यातून जरा उचललं की खाली गारगोटीच्या काचेची गोल खिडकी आणि आत नखाएवढाही नसलेला सिलिकॉनचा तुकडा दिसतो. पाहून झालं की स्टिकर परत नीट लावायचं. उन्हातले अतिनील किरण ईप्रॉममधला मजकूर हळूहळू पुसतात, आणि आमच्याकडच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको.

आता कळा. एसडीके-८५वर चोवीस आहेत. सोळा कळा शून्य ते एफपर्यंतच्या अंकांच्या, आठ कळा कामाच्या: रीसेट, व्हेक्टर इंटरप्ट, सिंगल स्टेप, गो, सबस्टिट्यूट मेमरी, एक्झामिन रजिस्टर, नेक्स्ट, एक्झिक्यूट. एका माणसाला यंत्राशी जे जे बोलायची गरज पडेल ते सगळं आठ क्रियापदांत आणून ठेवलं आहे. इथे बघ. हे बदल. पुढे चल. इथून सुरू हो. एकेक पाऊल टाक. या यादीत भर घालावी असं एकही क्रियापद मला सुचलेलं नाही.

अंक दाखवणारी पट्टीही तितकीच विचारपूर्वक. डावीकडचे चार आकडे पत्त्याचे, उजवीकडचे दोन त्या पत्त्यावरच्या मजकुराचे. आता कुठे लिहिलं जाणार हे सांगायला त्या भागाच्या शेवटी दशांशाचा ठिपका पेटतो. सात रेघांच्या आकड्यात अक्षरं काढायची तर अडचण होते. मोठं बी काढलं तर ते आठ दिसतं, मोठं डी काढलं तर शून्य. म्हणून इथे ए, सी, ई, एफ मोठ्या लिपीत आणि बी, डी लहान लिपीत येतात. पहिल्या दिवशी पोरांना हे गचाळ वाटतं, आठवड्याभरात ते नजरेत मुरतं.

पण या कळा आणि हे आकडे प्रोसेसर स्वतः सांभाळत नाही. ते काम ८२७९कडे. ही चिप आळीपाळीने एकेका आकड्याला उजेड देते. आपल्या डोळ्याला सहाही एकदम पेटलेले दिसतात. त्याच वेळी ती कळांच्या रांगा चाचपत असते. कळ दाबली की धातूचे दोन तुकडे एकदाच भिडत नाहीत, काही क्षण थरथरतात. त्या थरथरीला दहा वेळा दाबलं असं समजू नये म्हणून ८२७९ सुमारे १० मिलिसेकंद थांबते, कळ खरोखर दाबलेली आहे याची खात्री करते, आणि मग ८०८५ला आरएसटी ५.५ या इंटरप्टवरून हाक देते. आठ कळांपर्यंतचा मजकूर ती आपल्याजवळ धरून ठेवू शकते. ८०८५चे ठोके सेकंदाला ३० लाख ७२ हजार. त्या दहा मिलिसेकंदांत त्याचे तीस हजारांवर ठोके होऊन जातात. एवढा वेळ त्याने कळेच्या थरथरीकडे बघत घालवला असता तर बाकीचं कधी केलं असतं? मैफलीत गायकाने सुराकडे लक्ष द्यायचं, तंबोरा मागे कोणीतरी न थांबता छेडत राहतो. ८२७९चं काम त्या तंबोऱ्याइतकं अबोल आणि तितकंच अटळ आहे. ती काढून घ्या, प्रोसेसर चालेल, पण बोर्ड मुका होईल.

क्रिस्टलवर ६.१४४ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. हा आकडा विचित्र वाटतो; सहा का नाही? ८०८५ आतमध्ये त्याचा निम्मा करतो, ३०,७२,००० ठोके. आता याला ९६०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांनी, भागा: बरोबर ३२०. म्हणजे एक बिट पाठवायला तीनशे वीस ठोके, बाकी शून्य. दुसऱ्या यंत्राशी एकाच तारेवरून बोलताना वेळ चुकू नये म्हणून हा आकडा निवडलेला आहे. क्रिस्टलच्या पत्र्यावर कोरलेल्या चार अंकांत पुढच्या संभाषणाची तजवीज आहे. जाता जाता सांगतो: ४ जुलै १९९७ला मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानातली सोजर्नर ही बग्गी याच ८०८५च्या ८०सी८५ या भावंडावर चालत होती, आणि तिचे ठोके सेकंदाला वीस लाख होते, आमच्या किटपेक्षा कमी.

एक छोटा प्रोग्रॅम वाचू. दहाच बाइट आहेत, २००० या पत्त्यापासून: ३ई ०९ ०६ ०८ ८० २७ ३२ ५० २० सीएफ. पहिले दोन सांगतात, ए रजिस्टरमध्ये नऊ ठेव. पुढचे दोन, बीमध्ये आठ ठेव. ८० म्हणजे दोन्हींची बेरीज. ३२ ५० २० म्हणजे उत्तर २०५० या पत्त्यावर लिही. इथे पत्ता उलटा लिहिलेला आहे, आधी ५०, मग २०. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी तो सरळ लिहितं. मग उत्तर भलत्याच पत्त्यावर, ५०२०वर पाठवलं जातं, आणि पोरगं २०५० उघडून जुनाच कचरा बघत बसतं. शेवटचा सीएफ सांगतो, काम झालं, पुन्हा मॉनिटरकडे, म्हणजे बोर्ड सांभाळणाऱ्या रॉममधल्या प्रोग्रॅमकडे, जा.

मधला २७ मी मुद्दाम मागे ठेवला. त्याचं नाव डीएए. नऊ आणि आठची बेरीज सोळाच्या हिशोबात ११ येते. अकोटच्या बाजार समितीत कापसाच्या काटापट्टीवर नऊ किलो आणि आठ किलो मिळून अकरा लिहिलेलं कोण मान्य करेल? माणसाचा व्यवहार दहाचा आहे. डीएए हे ११ बघते आणि त्याचं १७ करते. कसं? उजवीकडचा अंक तर १ आहे, त्यात गैर काहीच दिसत नाही. पण बेरीज होताना खालच्या चार बिटांतून एक हातचा वर गेला होता, आणि तो गेल्याची खूण ऑक्झिलरी कॅरी नावाच्या एका बिटात राहिली आहे. डीएए ती खूण पाहते आणि सहा मिळवते. या खुणेवरून वाट बदलणारी एकही जंप आज्ञा ८०८५मध्ये नाही. ते अख्खं बिट केवळ या एका आज्ञेसाठी, माणसाच्या दहाच्या हिशोबासाठी राखून ठेवलेलं आहे. वजनकाटे, पेट्रोलपंप, बिलाची यंत्रं यांच्यासाठी ही चिप बनत होती हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा हे एक बिट जास्त ठळकपणे सांगतं.

हा प्रोग्रॅम हाताने भरायला सवयीच्या माणसालाही मिनिटभर लागतं. चालायला सत्तेचाळीस ठोके, म्हणजे पंधरा मायक्रोसेकंदांच्या आसपास. गो, २०००, एक्झिक्यूट, आणि बोट कळेवरून उचलायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं. शिकणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. जे इतक्या वेगाने घडलं ते समजून कसं घ्यायचं?

त्यावर एसडीके-८५ने काढलेला मार्ग हा या बोर्डातला मला सर्वांत आवडणारा भाग. सिंगल स्टेप ही कळ दाबली की एका वेळी एकच आज्ञा चालते. चालत्या प्रोसेसरला बरोबर एका आज्ञेनंतर अडवायचं, आणि तेही वेगळं यंत्र न जोडता. मॉनिटर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने साथीदाराकडे पाहिलं. ८१५५मध्ये टायमर आहे. त्याची बाहेर येणारी तार बोर्डावर ८०८५च्या ट्रॅप या इंटरप्टला, ६ नंबरच्या पिनेला, जोडलेली आहे. मॉनिटर तुमच्या प्रोग्रॅमकडे सूत्रं द्यायच्या बेतात असतो तेव्हा तो टायमरमध्ये एक आकडा भरतो. तो आकडा म्हणजे मॉनिटरला स्वतःचं आवरून बाहेर पडायला लागणाऱ्या ठोक्यांचा हिशोब: तुमची रजिस्टरं जागेवर ठेवायची, तुमच्या पत्त्यावर उडी घ्यायची. टायमर मोजत राहतो आणि तुमची पहिली आज्ञा सुरू होते न होते तोच ट्रॅपची हाक देतो. ८०८५ कुठलीही हाक हातातली आज्ञा पुरी झाल्यावरच ऐकतो. म्हणून ती एक आज्ञा निर्विघ्न पार पडते आणि पुढच्या क्षणी सूत्रं पुन्हा मॉनिटरकडे. तो तुमची रजिस्टरं जपून ठेवतो, पुढच्या आज्ञेचा पत्ता पट्टीवर दाखवतो आणि वाट बघतो.

यातली प्रत्येक निवड जाणीवपूर्वक आहे. ट्रॅपच का? कारण बाकीचे इंटरप्ट प्रोग्रॅमला बंद करता येतात, ट्रॅप करता येत नाही. शिकणाऱ्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये इंटरप्ट बंद करायची आज्ञा लिहिली तरी पावलागणिक थांबणं चुकत नाही. याची किंमतही आहे: पाऊलपाऊल चालताना तो टायमर तुमच्या वापराला मिळत नाही. ती किंमत मला अगदी रास्त वाटते. ज्याने हा मॉनिटर लिहिला त्याने आपल्या निघून जाण्याचे ठोकेसुद्धा मोजले, दुसऱ्याला एक आज्ञा नीट पाहता यावी म्हणून. नऊ आधी एमध्ये येतात. एक्झामिन रजिस्टर दाबा, दिसतात. आठ बीमध्ये. मग बेरीज, ११. मग डीएए, आणि ११चे १७ झालेले. पंधरा मायक्रोसेकंदांचा प्रसंग तुम्ही हवा तितका वेळ घेऊन पाहू शकता.

आता रिकाम्या जागा वाचू. पत्त्यांच्या नकाशात ०००० ते ०७एफएफ मॉनिटरची रॉम. ०८००पासून ०एफएफएफपर्यंतचा पट्टा दुसऱ्या रॉमसाठी सोडलेला. २००० ते २०एफएफ रॅम, २८०० ते २८एफएफ दुसऱ्या ८१५५साठी मोकळे. बोर्डावरही या चिपांच्या जागा आखलेल्या, नुसती भोकं. त्यापलीकडे बोर्डाचा मोठा हिस्सा जाळीसारख्या भोकांचा, तुमच्या स्वतःच्या सर्किटसाठी. कंपनीने आपलं मांडून झाल्यावर इतकी जागा दुसऱ्याच्या कल्पनेसाठी सोडावी याचं मला अप्रूप आहे. आपल्या किटांत ती जाळी सहसा नसते. तिची जागा कडेच्या २६ पिनांच्या एफआरसी कनेक्टरांनी घेतली, आणि त्यांना चपटी केबल लावून ट्रॅफिक सिग्नलचं, स्टेपर मोटारीचं, लिफ्टचं कार्ड जोडता येतं. या कनेक्टरांमागे बसते ८२५५, चोवीस रेषांची चिप. तिला ८० हा एक बाइट पाठवला की चोवीसही रेषा बाहेर बोलायला मोकळ्या. एका बाइटने चिपचा स्वभाव ठरतो हे पाहणं हा वेगळाच आनंद. खेड्यातून आलेल्या कितीतरी पोरांनी चौकातला सिग्नल नीट निरखायच्या आधी तो ८२५५वर चालवलेला असतो. लाल किती वेळ, हिरवा किती वेळ, हे त्यांनीच ठरवलेलं असतं.

या नकाशातली एक बारीक जागा तर फारच मनोज्ञ. व्हेक्टर इंटरप्टची कळ दाबली की ८०८५ने ००३सी या पत्त्यावर जावं अशी चिपची रचना आहे. पण तो पत्ता रॉममध्ये पडतो. तिथे तुम्हाला लिहिता येत नाही. मग मॉनिटरने तिथे एक उडी लिहून ठेवली: २०सीई या रॅममधल्या पत्त्याकडे. तिथे तीन बाइट तुमच्यासाठी राखीव. तीन बाइटांत मावते एकच गोष्ट, आणखी एक उडी, तुम्हाला हवी तिथे. २५६ बाइटच्या घरात प्रत्येक बाइटला मोल आहे, तरी पाहुण्यासाठी तीन बाजूला काढले आहेत.

रॅम मात्र वीज गेली की पुसली जाते. लोडशेडिंगच्या वर्षांत वऱ्हाडातल्या लॅबमध्ये याचा अर्थ काय होता ते त्या काळात शिकलेल्यांना माहीत आहे. पंचेचाळीस बाइट भरून झाले, एक्झिक्यूट दाबणार, आणि पंखे थांबले. म्हणून जर्नलला किंमत होती. पत्ता, ऑपकोड, निमॉनिक, शेरा असे चार रकाने आखायचे, प्रत्येक उडीचा पत्ता बोटं मोजून काढायचा आणि मग किटला हात लावायचा. वीज आली की कागद होताच. आमचे एक लॅब असिस्टंट म्हणायचे, ‘‘आदी कागदावर चालव लेका, मंग किटवर.’’ त्यांच्या त्या वाक्यात अख्खा अभ्यासक्रम होता. कागदावर प्रोग्रॅम चालवणं म्हणजे स्वतः काही मिनिटं प्रोसेसर होणं, आणि किट हाताशी असताना ते फार चांगलं जमतं, कारण उत्तर लगेच ताडून पाहता येतं.

या सगळ्यामागे एक पुस्तक आहे, रमेश गांवकरांचं. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजच्या ओनोन्डागा कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्या गांवकरांनी १९८४ साली ८०८५वर ते लिहिलं, आणि पुढे मुंबईच्या पेनरामने त्याची भारतीय आवृत्ती काढली. वऱ्हाडातल्या लॅबमधल्या टेबलांवर ती कोपरे दुमडलेली, शाईचे डाग पडलेली सापडते. चिप आणि तिचा प्रोग्रॅम एकत्रच शिकवायचा, एकाला दुसऱ्यापासून तोडायचं नाही, हा त्या पुस्तकाचा आग्रह. किटचा स्वभावही तोच.

पण किट नीट वाचलं जात होतं का? बऱ्याचदा नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. फळ्यावर ऑपकोड लिहून द्यायचे, पोरांनी ते भरायचे, २०५०वर उत्तर आलं की सही. सिंगल स्टेपची कळ कित्येक किटांवर नव्यासारखी कोरी राहिली, कारण ती दाबायला कुणी सांगितलंच नाही. कार्डं कपाटात. एक्सटर्नल परीक्षक विचारणार काय, तर ८०८५ला पिना किती. ज्या बोर्डाने एक आज्ञा दिसावी म्हणून एवढी खटपट केली, त्याच्यासमोर बसून आज्ञा न पाहताच उठणं ही मोठी हानी आहे. दोष वस्तूचा नव्हता. तिच्याकडे बघायला दोन तास आणि एक प्रश्न विचारणारा माणूस, एवढंच कमी होतं.

साथीदार पुढे बाहेर राहिलेच नाहीत. १९८०च्या ८०५१ने रॉम, रॅम, पोर्टं, टायमर, सीरियल हे सगळं आपल्या एकाच चिपमध्ये घेतलं. आज शेतातल्या मोटारपंपाच्या ऑटो स्टार्टरमध्ये, इलेक्ट्रॉनिक काट्यात अशीच एक चिप असते. ते योग्यच झालं. खर्च उतरला, विजेची भूक कमी झाली, सोल्डरचे सांधे घटले. पण टायमर ही बोट ठेवून दाखवता येणारी वस्तू उरली नाही. आता तो एक पत्ता आहे, डेटाशीटमधली एक ओळ. शिकवणाऱ्याचं काम त्यामुळे वाढलं आहे.

पुण्यात मुख्यालय असलेल्या, १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकने आता वेगा नावाची भारतीय प्रोसेसरांची मालिका केली आहे, तिरुअनंतपुरमच्या केंद्रात. त्यातल्या तेजस-३२ या चिपवर एरीज नावाचे शिकण्याचे बोर्ड मिळतात. रिस्क-फाइव्ह घराण्यातली बत्तीस बिटांची चिप, १०० मेगाहर्ट्झ, २५६ किलोबाइट रॅम. ८१५५च्या २५६ बाइटच्या नेमके १०२४ पट. ठोके मात्र जेमतेम तेहेतीस पट. या दोन आकड्यांकडे पाहत मी बराच वेळ घालवला आहे. मधल्या पंचेचाळीस वर्षांत वेगापेक्षा आठवण ठेवायची जागा किती जास्त वाढली ते त्यांत दिसतं. एरीज बोर्ड अर्डुइनोच्या मापाचा, तळहातावर मावणारा. त्याला अंकांच्या कळा नाहीत, आकड्यांची पट्टी नाही. बोलणं सगळं यूएसबीच्या तारेतून, लॅपटॉपच्या पडद्यावर.

मी तो किटशेजारी ठेवतो. अकोटातली डिप्लोमाची पोरं येतात, एलईडी लुकलुकवतात, दहा मिनिटांत खूष होतात. मग मी त्यांना एक विचारतो: आत्ता वीज काढली आणि परत दिली, तरी तुमचा प्रोग्रॅम शिल्लक कसा राहिला? रॅम तर पुसली गेली असणार, आणि या चिपच्या पोटात फ्लॅश मेमरी नाही. उत्तर बोर्डावरच आहे. प्रोग्रॅम एका वेगळ्या, बाहेरच्या लहान फ्लॅश चिपमध्ये राहतो आणि सुरुवातीला तिथून आत आणला जातो. एवढं गिळून झाल्यावरही एक साथीदार बाहेर आहे. पोरं मोबाइलचा टॉर्च लावून ती शोधतात, वरचं नाव वाचतात, आणि मग तिची डेटाशीट उघडून पहिली पिन कुठली ते बघायला लागतात.